लांब वळणावरचं ऑइल

स्टोनी बे, विस्कॉन्सिन
रविवार, १८ मे १९९७

प्रिय रोल्फ,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं, त्याची पोच मी मे महिन्यात देते आहे. यावरून तुझी बहीण होती तशीच आहे हे तुला कळेलच. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. इव्हॉनची पाठ आता कशी आहे? तुमच्याकडे आयडाहोत बटाट्याची लावणी आटोपली असेल, म्हणजे तुझा ट्रक सध्या जरा निवांत असेल.

यंदा सरोवरावरचं धुकं हटायलाच तयार नाही. सकाळी दहापर्यंत पलीकडचा किनारा दिसत नाही. मी गॅरेजचं मोठं दार उघडून कॉफी घेऊन बसते, आणि धुकं हळूहळू आत येतं, लेथवर, पापांच्या स्टुलावर, टांगलेल्या पान्यांवर टेकतं. अशा वेळी एखादा नट हातातून पडला तरी आवाज फार लांबून आल्यासारखा वाटतो. पापांना जाऊन सव्वा वर्ष झालं, पण त्यांचं स्टूल मी अजून हलवलेलं नाही. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी बर्फानं घाट बंद होते, तुला येता आलं नाही, हे मला माहीत आहे. मी कधी मनात धरलं नाही.

आता खरी बातमी. तुझी सिग्ने इथे आली होती.

तीन आठवड्यांपूर्वी दारात एक गाडी थांबली, मागे ट्रेलर, ट्रेलरवर तिच्यापेक्षाही वयानं मोठी अशी एक लहानशी लाल गाडी. एक मुलगी उतरली. हनुवटी तुझी, चाल इव्हॉनची.

"तू मार्लिस आत्या ना?" म्हणाली. "मी सिग्ने. मला इंजिन बांधून हवंय. जुलैत ऑल्डर रिजला शर्यत आहे."

मी म्हटलं, "आधी आत तर ये. बाबाला ठाऊक आहे का हे?"

"त्यांनीच पत्ता दिला. म्हणाले, इंजिन बांधायचं तर मार्लिसनंच. दुसऱ्या कुणाला बोनेटला हात लावू देऊ नकोस." मग हसून पुढे म्हणाली, "आणि म्हणाले, चालवताना माझ्यावर जाऊ नकोस. माझ्या हातानं मला एकदा फसवलं, आणि ते मला कळलंसुद्धा नाही."

मी लेथ पुसायला लागले. लेथ स्वच्छच होता.

पोरगी हुशार आहे, रोल्फ. मिलवॉकीत इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, सगळं मोजूनमापून विचारते. ऑल्डर रिजच्या त्या लांब उजव्या वळणाबद्दल तिनं ऐकलं होतं, तिथे इंजिनं का जातात असं विचारत होती. मी पाई भाजायचं पसरट ताट घेतलं, त्यात दोन बोटं पाणी ओतलं, तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "अंगणात जाऊन उजवीकडे गोल पळ." पाणी सगळं एका कडेला चढलं, मधला तळ कोरडा पडला, आणि उरलेलं तिच्या बुटांवर सांडलं.

"हे ताट म्हणजे इंजिनच्या खालचं चेंबर," मी म्हटलं. "पंपाचं तोंड मधोमध. लांब वळणात ऑइल कडेला पळालं की पंप हवा ओढतो. तीन सेकंद, फार तर चार. तेवढ्यात बेअरिंग कोरडी पडतात."

"मग उपाय?"

मी तिला फळीवरचं नळकांडं दाखवलं. पुस्तकात त्याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. आपल्या घरात पापांच्या तोंडी नळकांडंच होतं. हातभर लांब, आत एक दट्ट्या, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल. सरळ रस्त्यावर पंपाचा दाब चांगला असतो तेव्हा ते ऑइल भरून घेतं, हवा आकसून बसते. वळणात दाब पडला की तीच हवा दट्ट्याला ढकलते आणि साठवलेलं ऑइल बेअरिंगकडे परत जातं. चालकाला पत्ताही लागत नाही. वळण संपतं, पंपाला ऑइल मिळतं, नळकांडं पुन्हा भरतं.

तिनं ते उचलून कानाशी धरलं, शिंपला धरावा तसं. तूही पहिल्यांदा असंच केलं होतंस.

तुझी हरकत नसेल तर मी तिचं इंजिन बांधते. आणखीही काही लिहायचं होतं. पण कागद संपत आला, आणि चर्चच्या कॉफीला जायचं आहे.

इव्हॉनला माझी आठवण सांग.

तुझी,
मार्लिस

---

स्टोनी बे
सोमवार, ९ जून १९९७

प्रिय रोल्फ,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "बांध. तिला माझ्यासारखी घाई आहे का बघ. नळकांडं नक्की बसव. बाकी ठीक." एवढंच. तू पहिल्यापासून असाच. आई म्हणायची, रोल्फ्याकडून शब्द काढायचा म्हणजे गोठलेल्या सरोवरातून मासा काढायचा.

इंजिन निम्मं झालं आहे. सिग्ने दर शनिवारी येते आणि माझ्या हाताखाली काम करते. तिला घाई नाही. हे तुला सांगायलाच हवं होतं.

कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडायला लागला आहे. दुपारभर तो दारातून तरंगत आत येतो, आणि मी इंजिनवर चादर टाकून नुसती बसून राहते. डोळे मिटले की ते वळण दिसतं. तुला आठवतं, तू त्याच्याबद्दल काय म्हणायचास? "तिथे गाडी चालवतोय असं वाटतच नाही गं. कुणीतरी आपल्याला कुशीत घेऊन फिरवतंय, आणि ते कधी संपूच नये असं वाटतं." डावीकडे बर्चच्या झाडांची रांग, उजवीकडे गवताचा उतार, आणि सगळं जग एका बाजूला कललेलं. मी कुंपणाशी उभी राहून इंजिनचा आवाज ऐकायची. मी बांधलेलं इंजिन, तुझ्या पायाखाली. त्या आवाजात तू कुठे संपतोस आणि मी कुठे सुरू होते हे मला कळायचं नाही.

रोल्फ, आता मी ते लिहिते. हे पत्र तू उभ्याउभ्या वाचत असलास तर बस.

सप्टेंबर १९७४. रविवारची सकाळ, गवतावर दव. तुझी गाडी रांगेत तिसरी. मोठ्या संघाचा तो माणूस, स्टिकनी, तुझ्यासाठी आला होता. पुढच्या वर्षी त्याला एक चालक हवा होता. आपल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पापांनी तर सकाळपासून एकाच रुमालाला तीन वेळा घडी घातली होती.

शर्यतीआधी माझी कामं ठरलेली असायची. आदल्या दिवशी इंजिन बंद करण्याआधी नळकांड्याचा व्हॉल्व्ह मी बंद करायची, म्हणजे दाबातलं ऑइल आत कोंडून राहायचं. दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी तोच उघडायचा. मग पंप फिरण्याआधीच ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायचं. दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद, पाइपच्या रेषेत म्हणजे उघडी. ती तुझ्या सीटच्या मागे होती, पट्टे बांधल्यावर तुझा हात तिथे पोचत नसे. ते काम माझं होतं. फक्त माझं.

मी दार उघडून आत वाकले होते. तेवढ्यात पाठीमागून स्टिकनीचा आवाज आला, "हे इंजिन कुणी बांधलं?"

तुला ठाऊक आहे, त्या आवारात मला काय काय ऐकावं लागायचं. "पोरी, पाई कुठाय? कॉफी आण." "भावाचे हातमोजे शिवलेस का?" सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी बाहेर आले, हात पुसले आणि म्हटलं, "मी." तो माझ्याशी बोलत राहिला. बेअरिंगची फट किती ठेवलीस, ऑइल कुठलं, सगळं खरोखर ऐकून घेत होता. मग झेंडेवाल्यानं शिट्टी मारली. मी दार लावलं आणि तुझ्या हेल्मेटवर दोनदा थोपटलं. तू इंजिन सुरू केलंस.

व्हॉल्व्ह बंदच होता.

नुसता बंद नव्हता, रोल्फ. दोन बाटल्या ऑइल त्यात कोंडलेलं होतं, म्हणजे चेंबरमध्ये तेवढंच कमी. नळकांडं नसतं तर बरं, अशी गत मी करून ठेवली होती. सहा फेऱ्या इंजिननं सोसलं. सातव्या फेरीला त्या वळणात आवाज बदलला. मी कुंपणावरून उडी मारून गवतातून पळत आले, सगळ्यांच्या आधी. तू हेल्मेट मांडीवर घेऊन गवतात बसला होतास. खरचटलंसुद्धा नव्हतं. इंजिनच्या ब्लॉकला मुठीएवढं भोक, आणि धूर सरळ वर चाललेला. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता.

मी आत वाकले आणि दांडी आडवी पाहिली.

मी ती फिरवली. सरळ केली. कोंडलेलं ऑइल सुस्कारा टाकल्यासारखं मेलेल्या इंजिनमध्ये गेलं आणि त्या भोकातून गवतावर आलं. मधासारखं स्वच्छ. मी ते बघत उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. त्या क्षणाला लांबी नव्हती. मी अजून तिथेच उभी आहे असं मला पुष्कळदा वाटतं.

मग पापा आले, मागून स्टिकनी. पापांनी आधी काय पाहिलं असेल? व्हॉल्व्ह. दांडी सरळ होती, नळकांडं रिकामं होतं. त्यांनी मान हलवली.

तू म्हणालास, "वळणात ऑइलच्या दाबाची सुई पडली, पापा. दाब गेला."

आणि मी म्हटलं, "तुझा चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, इंजिन नको तितकं फिरलं. मी कुंपणाशी होते, मला आवाज आला."

तू उजव्या हाताकडे बघितलंस. उलटा करून, सुलटा करून. मग म्हणालास, "पडला असेल."

तू भांडला असतास तर मी सांगितलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आले. पण तू भांडला नाहीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. स्वतःच्या हातापेक्षा जास्त. स्टिकनीनं वही मिटली. पापा एवढंच म्हणाले, "इंजिन चांगलं होतं." पुढच्या वसंतात तू पश्चिमेला निघून गेलास. आणि स्टिकनीनं पुढच्या वर्षी स्वतःची दोन इंजिनं माझ्याकडे पाठवली. माझं सगळं नाव तिथून सुरू झालं.

पापांना मी सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात ते शुद्धीवर होते, तुझ्याबद्दल बोलत होते, "पोराचा पाय हलका होता, हातच जड पडला." मी त्यांच्या उशीची खोळ बदलत होते. तेव्हाही नाही.

तुझ्या नोकरीचं, शर्यतींचं मी काय केलं ते मला ठाऊक होतं. पण सिग्ने दारात उभी राहून तुझ्या हाताबद्दल बोलली, तोवर मला हे ठाऊक नव्हतं की तू अजून ते खरं मानतोस. मला वाटायचं, मनात कुठेतरी तुला कळलं असेल आणि तू मला सोडून दिलं असशील.

तुझा हात चुकला नव्हता. कधीच नाही.

उत्तराची वाट पाहायचा मला हक्क नाही. सिग्नेला मी येत्या शनिवारी सांगणार आहे. त्यानंतर तिला इंजिन दुसरीकडे न्यायचं असेल तर मी स्वतः ट्रेलरवर चढवून देईन.

मार्लिस

---

स्टोनी बे
मंगळवार, २२ जुलै १९९७

प्रिय रोल्फ,

तू सुखरूप पोचलास हे सिग्नेनं फोनवर सांगितलं. मला कळवायचं कारण नव्हतं, तरी तिनं कळवलं.

तू गेल्यावर काय झालं ते तुला सांगायला हवं. पण आधी थोडं आधीचं. तिला सांगितलं तेव्हा तिच्या हातात पाना होता. तिनं तो पुसून जागेवर लावला आणि म्हणाली, "बाबा दर नाताळला तुझं कार्ड कपाटावर सगळ्यांच्या पुढे ठेवतात." बस्स. गाडीत बसून निघून गेली. पुढचा शनिवार आला नि गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी परत आली. आम्ही दुपारपर्यंत क्रँक बसवला. मग म्हणाली, "व्हॉल्व्हची दांडी माझ्या हाताशी बसव. पट्टे बांधल्यावरही पोचेल अशी." मी ती तिच्या उजव्या गुडघ्याजवळ बसवली.

तू येशील असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं. शनिवारी सकाळी सरावाच्या वेळी मी सवयीनं त्या वळणाच्या कुंपणाशी गेले, आणि धुक्यात कुणीतरी आधीच उभं होतं. मला आधी पापाच वाटले. तुझे खांदे आता तसेच झालेत.

तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "कॉफी आहे का?" म्हणालास.

थर्मासच्या झाकणातून आपण दोघं आळीपाळीनं प्यायलो. सिग्ने दोनदा समोरून गेली. मग तू बोललास, तिच्या गाडीकडे बघत. "तेवीस वर्षं मी प्रत्येक गिअर टाकल्यावर खाली बघतो. ट्रकमध्येसुद्धा. इव्हॉन हसते. म्हणते, पळून जाणार आहे का ती दांडी?"

मला माफी मागायची होती. तोंड उघडलं, तेवढ्यात तू हात वर केलास. "आत्ता नको, मार्लिस. आत्ता ऐकवणार नाही मला."

जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक सगळ्यांसाठी खुला करतात, हळू फेऱ्या मारायला. सिग्नेनं किल्ली तुझ्यापुढे धरली. तू नको म्हणालास. ती म्हणाली, "बाबा, तीनच फेऱ्या. आणि वाटेत कुणाची आजी चालली असेल तर तिला पुढे जाऊ द्या." तेव्हा तू हसलास. त्या दिवशी तेवढं एकदाच.

मी डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या फेरीत प्रत्येक गिअरनंतर एक अडखळ, श्वास चुकावा तशी. तू खाली बघत होतास. दुसऱ्या फेरीत कमी. तिसऱ्या फेरीला ते वळण आलं. तिसऱ्यातून चौथा पडला आणि आवाज सलग, लांबच लांब, बर्चच्या रांगेबरोबर वाहत गेला. त्याला कुठे जोडच नव्हता.

तू उतरलास, हातमोजा काढलास आणि मला नव्हे, सिग्नेला म्हणालास, "बघितलं नाही मी खाली." आणि मग माझ्याकडे वळून, "मी चौथाच टाकला होता."

"हो," मी म्हटलं. "चौथाच."

संध्याकाळी जाताना तू जे बोललास ते मी पुन्हा लिहीत नाही. माझ्याशी बोलायला तुला वेळ लागेल, कदाचित पुष्कळ लागेल, हे मी ऐकलं आहे. "पण पोरीचं इंजिन तूच बांध," हेही ऐकलं आहे.

आता रविवारचं. नाश्त्याला सगळे जुने लोक लांब टेबलावर होते. क्लेम बोटराइट आठवतो ना, मला कॉफी आणायला सांगणाऱ्यांतला? आता तो नव्या चालकांना शिकवतो. मी पॅनकेकची थाळी बाजूला सारली, उभी राहिले आणि सांगितलं. व्हॉल्व्ह, दांडी, पापा, तू, सगळं. टेबलाची कड धरून बोलले.

मग क्लेम म्हणाला, "तेवीस वर्षं मी प्रत्येक नव्या पोराला रोल्फ टॉलेफ्सनच्या चुकलेल्या गिअरची गोष्ट सांगतोय. पहिल्याच दिवशी. हात कसा टाकू नये म्हणून."

मला हे ठाऊक नव्हतं, रोल्फ. देवाशपथ नव्हतं.

"आता कुणाच्या नावानं सांगू?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. म्हाताऱ्याला खरंच प्रश्न पडला होता.

"माझ्या," मी म्हटलं. "आणि गिअरची नको सांगूस. व्हॉल्व्हची सांग."

तो म्हणाला, "सांगेन. पुढच्या शनिवारपासून." दोघंतिघं उठून गेले, माझ्याकडे न बघता. एकानं आपलं इंजिन परत मागवलं आहे. ते बरोबरच आहे.

सिग्ने नववी आली. बारा फेऱ्या पुऱ्या केल्या. मी विचारलं, "वळणात सुई?" म्हणाली, "जागची हलली नाही, आत्या." मग तिथेच गवतावर आडवी झाली आणि टोपी तोंडावर घेऊन झोपी गेली. उन्हात कापसाचे शेवटचे पुंजके तिच्या अंगावर उतरत होते. मी शेजारी बसून होते. बऱ्याच वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं, आणि तसं वाटून घ्यायची लाजही वाटत होती. दोन्ही एकदम.

सोबत एक कागद आहे. प्रत्येक इंजिनचा कागद ठेवायची पापांची शिस्त होती: कधी बांधलं, कधी गेलं, का गेलं, आणि खाली बांधणाऱ्याची सही. १९७४च्या त्या कागदावर 'का' समोर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "चालकाकडून गिअर चुकला." सहीची जागा मात्र कोरी आहे. तेव्हा माझा हात तिथपर्यंत गेला नव्हता. ती ओळ मी काल खोडली आणि खाली नवी लिहिली. कागद तू ठेव, फाड, क्लेमला पाठव. तो तुझा आहे. नवी ओळ इथेही उतरवते, म्हणजे हे पत्र आणि तो कागद एकच बोलतील.

इंजिन गेलं: ८ सप्टेंबर १९७४, ऑल्डर रिज, सातवी फेरी.
कारण: शर्यतीआधी ऑइलचा व्हॉल्व्ह उघडला नाही. चालकाची चूक नाही.
इंजिन बांधणारी आणि व्हॉल्व्हची जबाबदारी असणारी,

मार्लिस टॉलेफ्सन